आधी सा, मग सौदा

मूळजी जेठा मार्केटात मी चाळीस वर्षं कापडाची दलाली केली. पण गिरगावच्या खोलीत पहाटे पाचला तानपुरा जुळवून खर्ज लावल्याशिवाय बाजाराची वाट धरली नाही. गुरुजी म्हणायचे, आधी सा, मग सौदा.

माझ्यासारख्यांची परंपरा या शहरात जुनी. १८७० साली कैखुशरू काबराजींनी मुंबईत गायन उत्तेजक मंडळी काढली. पेढी-कचेरी सांभाळणारी पारशी माणसं तिथे उस्ताद-बुवांकडून बंदिशी शिकत. गाणं तेव्हा पेशेवर घराण्यांचं. घरंदाज माणसानं बैठकीत गळा लावणं कमीपणाचं मानत. ही अढी सोडवण्यात मंडळीचा वाटा मला फार मोठा वाटतो. १८८४मध्ये विष्णु नारायण भातखंडे तिथे आले. पुढे वकील झाले, मग वकिली सोडून गावोगावच्या बंदिशी जमवत हिंडले. त्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहा भागांत निघाली.

त्यांतले दोन भाग माझ्या कपाटात खतावण्यांशेजारी आहेत. यमनच्या पानावर, कडेला, पेन्सिलीनं लिहिलेला मलमलीचा भाव अजून वाचता येतो. त्याच्याच खाली गुरुजींनी सांगितलेली तान आहे.