‘मीटिऑरिक’ या विशेषणाची कुळकथा

एखाद्या पुरुषाचा अल्पकाळांत उत्कर्ष झाला कीं इंग्रजी चरित्रकाराच्या लेखणींतून ‘मीटिऑरिक’ हें विशेषण उतरलेंच म्हणून समजावें. आमचे अनुवादकही मग ‘उल्केसारखा उदय’ असें लिहून मोकळे होतात. पण उल्का उगवते कधीं? ती पडते. चढणाऱ्या माणसाला पडणाऱ्या दगडाची उपमा कां मिळाली, याचा उलगडा या शब्दाच्या इतिहासांत होतो.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘उंच उचललेलें’ एवढाच. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें वारा, पाऊस व गारा यांच्याच पंक्तीला तुटणारे तारेही बसविले. पृथ्वींतून निघणारा कोरडा, धुरासारखा उच्छ्वास चंद्राच्या खालींच पेट घेतो, असा त्याचा तर्क. म्हणूनच हवामानशास्त्राला इंग्रजींत अद्यापि ‘मीटिऑरॉलॉजी’ म्हणतात. आकाशांतून दगड पडतात हें विद्वानांना पटण्यास मात्र अठरावें शतक संपावें लागलें. १७९४ मध्यें क्लाड्नी या जर्मन पंडितानें हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असें प्रतिपादिलें, तेव्हां त्याची टवाळीच झाली. पुढें १७९८ सालीं काशीजवळ पडलेल्या पाषाणाचें पृथक्करण हॉवर्डनें १८०२ त लंडनमध्यें प्रसिद्ध केलें, आणि १८०३ मध्यें फ्रान्समधील लेग्ल येथील पाषाणवृष्टीची बिओनें जागेवर जाऊन चौकशी केली. तेव्हां कोठें शंका मावळली.

एकोणिसाव्या शतकांत हें विशेषण माणसांना लागूं लागलें, तेव्हां त्यांत क्षणभंगुरतेची छटा होती. झळकला आणि विझला! नेपोलियनला तें शोभतेंही: १७८५ त तोफखान्याचा दुय्यम लेफ्टनंट, १७९३ त चोविसाव्या वर्षीं ब्रिगेडचा सेनापति, १८०४ त सम्राट्, १८१५ त सेंट हेलिनाचा बंदी. पुढें वापरानें ‘विझला’ हा भाग झिजून गेला व केवळ झपाट्याचा चढ उरला. म्हणजे शब्द नकळत आपल्या ग्रीक माहेरींच परतला.

माझी तक्रार निराळी आहे. हें विशेषण योजिलें कीं चरित्रकार कारणमीमांसेंतून सुटतो. वास्तविक दगड अवकाशांत काळाच असतो. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानें तो आमच्या हवेवर आदळतो, तेव्हांच तेज प्रकटतें. नेपोलियनचेंही तसेंच. राज्यक्रांतीच्या भयानें फ्रान्सचे बहुसंख्य उमराव अधिकारी देशांतर न करते, तर कॉर्सिकाच्या या तरुणाला रिकाम्या जागा कोठून मिळत्या? तेजाचें अर्धें श्रेय हवेचें आहे.

मराठी वाचकाच्या कानांत तर उल्केचा सूरच वेगळा. स्वर्गांत पुण्यफळ भोगून खालीं येणाऱ्यांचीं रूपें म्हणजे उल्का, असें सहाव्या शतकांतील वराहमिहिर बृहत्संहितेंत सांगतो. पुण्यक्षयाचें हें चिन्ह उदयाला कसें चिकटवावें? सेंट हेलिनाला तें खुशाल द्यावें. उदयासाठीं आमच्या घरीं ‘वर्धिष्णु’ हें विशेषण आहे, आणि तें शिवाजी महाराजांच्या मुद्रेवर प्रतिपदेच्या चंद्रकलेच्या सोबतीनें कोरलेलें आहे. ती मुद्रा १६४६ च्या पत्रावर आढळते. राज्याभिषेक १६७४ चा. मधलीं अठ्ठावीस वर्षें ‘मीटिऑरिक’ या एका शब्दांत बसवूं पाहणाऱ्या अनुवादकानें आधीं पुरंदरचा तह व आग्र्याची कैद कोठें ठेवावयाची तें ठरवावें.