एका विषयाचा उंबरठा : वित्तशास्त्रातील पीएच.डी.ची घडण

१९५०च्या दशकाच्या मध्यास शिकागो विद्यापीठात हॅरी मार्कोविट्झ या तरुण संशोधकाची प्रबंधावरील मौखिक परीक्षा झाली. गुंतवणूकदाराने आपला पैसा अनेक समभागांत कसा विभागावा, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. मार्कोविट्झ यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार परीक्षक मिल्टन फ्रीडमन यांना गणितात चूक आढळली नाही. त्यांचा आक्षेप निराळाच होता. हा प्रबंध अर्थशास्त्राचा नाही, गणिताचा नाही, व्यवसाय-प्रशासनाचाही म्हणता येणार नाही; मग त्याला अर्थशास्त्राची पीएच.डी. द्यायची कशी? उमेदवाराला बाहेर थांबायला सांगण्यात आले. काही मिनिटांनी मार्गदर्शक जेकब मार्शाक बाहेर आले आणि त्यांनी ‘डॉक्टर’ असे संबोधून त्यांचे अभिनंदन केले.

हा प्रसंग सहसा विनोद म्हणून सांगितला जातो. फ्रीडमन अर्धवट गमतीने बोलत असावेत, असे खुद्द मार्कोविट्झ यांनाही वाटे. आम्हांला मात्र त्यात एका ज्ञानशाखेचा उंबरठा दिसतो. वित्तशास्त्राच्या पीएच.डी.ची जी रचना आज अमेरिकन विद्यापीठांत रूढ आहे, तिच्याकडे केवळ प्रशासकीय सोय म्हणून पाहणे अपुरे ठरेल. हा विषय कोणाचा, आणि त्यातील कामाचा न्याय कोणी करायचा, या प्रश्नाला संस्थांनी हळूहळू दिलेले ते उत्तर आहे.

हा प्रश्न त्याआधीही एकदा उभा राहिला होता. २९ मार्च १९०० रोजी पॅरिसमध्ये लुई बाशेलिए यांनी सट्ट्याच्या गणिती सिद्धान्तावरील प्रबंधाचे समर्थन केले. बाजारातील किमतींची यादृच्छिक चाल गणितात मांडण्याचा तो आद्य प्रयत्न होता. परीक्षकांत आंरी प्वांकारे होते. त्यांनी कामाची वाखाणणी केली, पण उमेदवार नेहमी घेतात त्या विषयांपासून हा विषय काहीसा दूरचा आहे, असेही अहवालात नोंदवले. बाशेलिए यांना सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. कायमचे प्राध्यापकपद मिळायला १९२७ साल उजाडावे लागले. या उपेक्षेची कारणे अनेक असतील, पण एक उघड आहे. ज्या विषयात त्यांनी लिहिले त्या विषयाला ना वर्ग होता, ना नियतकालिक, ना वारसदार शिष्य.

मार्कोविट्झ यांच्या काळी अमेरिकेत परिस्थिती इतकी ओसाड नव्हती. अमेरिकन फायनान्स असोसिएशन १९३९ साली स्थापन झाली होती. तिचे ‘जर्नल ऑफ फायनान्स’ १९४६ पासून निघत होते, आणि मार्कोविट्झ यांचा मूळ लेख मार्च १९५२च्या अंकात तेथेच आला. पण व्यवसाय-विद्यालयांतील अध्यापन बहुतांशी वर्णनात्मक होते : कंपन्या भांडवल कसे उभारतात, रोख्यांचे प्रकार कोणते, ताळेबंद कसा वाचावा. १९५९ साली दोन अहवालांनी या शांततेचा भंग केला. एक फोर्ड फाउंडेशनसाठी गॉर्डन आणि हॉवेल यांनी लिहिला, दुसरा कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी पिअर्सन यांनी. दोन्हींचा सूर बोचरा होता : ही विद्यालये व्यवसायाचे धडे देतात, पण विद्यापीठाला साजेसे संशोधन त्यांच्याकडून होत नाही. त्यांना गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि वर्तनशास्त्रे यांचा पाया हवा, आणि संशोधनात मुरलेले अध्यापक हवेत. असे अध्यापक आयते मिळणार नव्हते. ते घडवण्यासाठी पीएच.डी.ची नवी घडी बसवणे भाग होते.

शिकागोत ही घडी कशी बसली, हे पाहण्यासारखे आहे. १९६० साली मेरिल लिंच या दलालपेढीच्या लुई एंगल यांनी प्राध्यापक जेम्स लोरी यांना एक साधा प्रश्न विचारला : सामान्य समभागांत पैसे गुंतवणाऱ्यांना प्रत्यक्षात किती परतावा मिळाला? उत्तर कोणालाच देता येत नव्हते. मेरिल लिंचच्या अनुदानातून लोरी आणि लॉरेन्स फिशर यांनी न्यूयॉर्क शेअरबाजारातील सर्व सामान्य समभागांच्या १९२६ पासूनच्या मासिक किमती गोळा केल्या, तपासल्या, संगणकाच्या फितीवर चढवल्या. १९६४ साली पहिले उत्तर प्रसिद्ध झाले : लाभांश पुन्हा गुंतवला आणि कर वगळला, तर वर्षाला सुमारे ९ टक्के. जाहिरातीसाठी उपयोगी पडावे म्हणून विचारलेल्या प्रश्नातून विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना पुरेल अशी प्रयोगशाळा उभी राहिली.

याच काळात यूजीन फामा तेथे विद्यार्थी होते. त्यांच्या आठवणीप्रमाणे त्यांनी मर्टन मिलर यांच्यापुढे प्रबंधासाठी पाच विषय ठेवले. मिलर यांनी चार बाजूला सारले आणि पाचव्यावर ते खूश झाले. डाऊ जोन्स निर्देशांकातील ३० समभागांच्या दैनंदिन किमतींवरचा तो प्रबंध १९६४ साली पूर्ण झाला. त्याच वर्षी पॉल कूटनर यांच्या संपादित ग्रंथात बाशेलिए यांचा प्रबंध इंग्रजीत आला. चौसष्ट वर्षे ज्याला फारसे वाचक नव्हते, त्याला वाचकांची अख्खी शाळा मिळाली. पाठोपाठ जेन्सन, रोल, शोल्स हे शिकागोचेच विद्यार्थी आले. ते एकमेकांचे सहलेखकही झाले, परीक्षकही.

आजच्या अभ्यासक्रमाचा सांगाडा यातूनच आलेला आहे. पहिली एक-दोन वर्षे सूक्ष्म अर्थशास्त्र, अर्थमिती, मालमत्तांचे मूल्यनिर्धारण आणि कंपन्यांचे वित्त यांचे वर्ग. मग पात्रता परीक्षा. सोबत साप्ताहिक चर्चासत्र, ज्यात लेख आधीच वाटलेला असतो आणि लेखकाला पहिल्या काही मिनिटांतच प्रश्नांना सामोरे जावे लागते. शेवटी समिती, आणि बहुधा तीन स्वतंत्र निबंधांचा प्रबंध. यांतील एका निबंधाच्या बळावर उमेदवार नोकरी शोधतो. यांत सर्वांत घडवणारी गोष्ट आमच्या मते चर्चासत्र होय. कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे पुस्तकात नसते. ते तेथे ऐकून अंगवळणी पडते.

आणि नेमकी येथेच या व्यवस्थेची किंमतही दिसते. वर्ग, आकडे, परीक्षक असे सर्व सिद्ध झाले, की त्या चौकटीत बसणारे प्रश्न सोपे होतात आणि न बसणारे अवघड. ज्या बाजाराच्या किमती फितीवर चढल्या त्याच्यावर प्रबंधांचे ढीग रचले गेले. ज्याची नोंद कोणी ठेवली नाही तो वाट पाहत राहिला. २००८च्या संकटानंतर, बँकांच्या परस्परावलंबनाचा विचार या शिक्षणात इतका बाजूला का राहिला, असे विचारले गेले तेव्हा हाच मुद्दा वेगळ्या शब्दांत पुढे आला. उंबरठा बांधला की घर होते. पण मग कोणाला आत घ्यायचे, हेही उंबरठाच ठरवू लागतो.

मार्कोविट्झ यांना १९९० साली मिलर आणि शार्प यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी फ्रीडमन यांचा आक्षेप मोकळेपणाने मान्य केला : तेव्हा आपला विषय अर्थशास्त्रात मोडत नव्हता, आता मोडतो. शिकागोत आज अर्थशास्त्र विभाग आणि व्यवसाय-विद्यालय मिळून वित्तीय अर्थशास्त्राची संयुक्त पीएच.डी. देतात. ज्या दाराबाहेर एक उमेदवार काही मिनिटे ताटकळला, ते आता दोन्ही बाजूंनी उघडते. पुढचा बाशेलिए त्या दाराशी येईल तेव्हा त्याचा विषय यांतल्या कोणत्याच वर्गात शिकवला जात नसेल, आणि त्याला ओळखण्याची जबाबदारी आतल्यांवरच असेल.