पोलादी कवचाचा रंधा

आपल्याकडच्या सुताराचा पारंपरिक रंधा अखंड लाकडाचा. पोलादी कवचाच्या रंध्याला मात्र पोलादी तळ व बाजू असतात. आत लाकूड घट्ट बसवून ते रिव्हेटांनी जखडलेले असते. १९व्या शतकात स्कॉटलंडमधील एअर येथील स्ट्यूअर्ट स्पायर्स यांनी हा प्रकार नावारूपाला आणला. सुट्या भागांच्या संचातून तो जोडताना आत बसवायचे शिसव पूर्ण वाळलेले हवे. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगते, नंतर आकसते. त्यामुळे या लाकडावरची पात्याची बैठक जराशी हलली, तरी पाते थरथरते आणि फळीवर आडव्या लाटा उमटतात. म्हणून लाकूड आधी रंधा जिथे वापरायचा त्याच खोलीत मुरू द्यावे, मगच बैठक कानशीने सपाट करावी.