माल्टाची शेळी



शहराच्या कडेस घर बांधावें, आवारांत एखादी शेळी पाळावी आणि मुलांना घरचें दूध द्यावें, अशी हौस आजकाल पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत दिसून येते. हौस चांगली आहे. शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतों, तें कांहीं खोटें नाहीं. परंतु नवखा मनुष्य बाजारांत गेला म्हणजे दूध किती, दांत किती, वेत कितवें, एवढेंच विचारतो. "ही कधीं गाभडली होती काय?" हा प्रश्न त्याला सुचत नाहीं. हा प्रश्न किती मोलाचा आहे, हें भूमध्यसमुद्रांतील एका चिमुकल्या बेटाच्या इतिहासावरून कळून येतें.

नकाशावर सिसिलीच्या दक्षिणेस माल्टा नांवाचा ठिपका असतो. एकोणिसाव्या शतकांत तेथें ब्रिटिशांचें मोठें आरमारी ठाणें होतें. बेटावर गाई थोड्या, शेळ्या मात्र उदंड. गवळी सकाळीं शेळ्यांचा कळप गल्लोगल्लीं फिरवी आणि गिऱ्हाइकाच्या दारांत, त्याच्याच भांड्यांत धार काढून देई. पाणी घातलेलें नाहीं, हें घरधनिणीला डोळ्यांनीं दिसे. याहून शुद्ध दूध तें कोणतें? आणि त्याच बेटावर एक विचित्र ताप ठाण मांडून बसला होता. तो लाटेसारखा चढे व उतरे, अंगाला दरदरून घाम सुटे, सांधे धरत, आणि बरा झालासें वाटतांच पुन्हां उलटे. मरणारे थोडे, पण धडधाकट शिपाई महिनेचे महिने खाटेवर पडून राही.

इ. स. १८८७ मध्यें डेव्हिड ब्रूस ह्या लष्करी डॉक्टरानें ह्या तापानें दगावलेल्या शिपायांच्या प्लीहेंतून रोगाचा जंतू शोधून काढला. त्याच्या सूक्ष्मदर्शकाच्या कामांत त्याची पत्नी मेरी हिचें साहाय्य होतें, हें सांगितलेंच पाहिजे. जंतू सांपडला, पण तो माणसाच्या पोटांत शिरतो कोठून, हें पुढें अठरा वर्षें उमगलें नाहीं. कोणी गटारांना दोष दिला, कोणी धुळीला, कोणी डांसांना. शेवटीं १९०४ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें एक चौकशीमंडळ नेमलें. त्यांत माल्टाचेच एक डॉक्टर थेमिस्टोक्लीझ झॅमिट हे होते. (हेच गृहस्थ पुढें तेथील अतिप्राचीन देवळांचे संशोधक म्हणून नांवाजले.) १९०५ च्या जून महिन्यांत झॅमिट यांनीं सहा शेळ्यांचें रक्त तपासलें, तों पांचींच्या रक्तांत रोगाची खूण आढळली! पुढील तपासणींत बेटावरील सुमारें निम्म्या शेळ्यांच्या रक्तांत ती खूण, आणि दहांत एकीच्या दुधांत प्रत्यक्ष जंतू, असा प्रकार निघाला. आणि ह्या शेळ्या दिसावयास कशा? धष्टपुष्ट, चारा खाणाऱ्या, भरल्या कासेच्या!

त्याच वर्षाच्या ऑगस्टांत 'जोशुआ निकोल्सन' नांवाच्या आगबोटीवर माल्टाच्या पासष्ट निवडक शेळ्या अमेरिकेस रवाना झाल्या. वाटेंत खलाशांनीं त्यांचें ताजें दूध मनसोक्त प्यालें आणि त्यांतील पुष्कळजण त्याच तापानें आजारी पडले. १९०६ सालीं माल्टांतील सैन्याला शेळीचें दूध बंद करण्यांत आलें. १९०५ सालीं सैन्यांत सहाशेंहून अधिक रोगी झाले होते. १९०७ सालीं ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. एवढें होऊनही बेटावरील सामान्य रयत तेंच दूध पीत राहिली. तिच्याकरितां दूध निर्जंतुक करण्याचा कारखाना निघावयास १९३८ साल उजाडलें. शिपायाच्या आरोग्याची जी तांतडी सरकारला होती, ती प्रजेच्या मुलांबाबत नव्हती, असेंच म्हणावें लागतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. निरोगी दिसणारी शेळी कांहींच खूण देत नाहीं काय? देते, पण ती गर्भाशयावाटे देते. शेळीचा गाभणकाळ सुमारें १५० दिवसांचा. ह्या रोगांत बहुधा तिसऱ्या महिन्यानंतर गाभ पडतो, किंवा करडूं अशक्त निपजतें. पुढच्या खेपेस तीच शेळी बहुधा सुखरूप वितें आणि मालक झालें तें विसरून जातो. जंतू मात्र कासेंत घर करून राहतात. १८९७ सालीं डेन्मार्कांत बर्नहार्ड बँग यांनीं गाईंच्या गर्भपाताचा जंतू शोधला होता. तो आणि माल्टाचा जंतू हे सख्खे भाऊ आहेत, हें अमेरिकेंतील अ‍ॅलिस इव्हान्स ह्या बाईंनीं १९१८ सालीं दाखविलें, तेव्हां मोठमोठ्या पंडितांनीं त्यांच्यावर विश्वास ठेविला नाहीं. पुढें प्रयोगशाळेंत काम करतांना त्यांनाच ह्या तापानें गांठलें आणि कित्येक वर्षें छळलें. ब्रूसच्या नांवावरून ह्या जंतूंच्या कुळास १९२० सालीं 'ब्रुसेला' हें नांव मिळालें.

प्रत्येक गाभडणें ह्याच रोगाचें असतें असें नाहीं. मार, उपासमार, दुसरे संसर्ग, अशीं कारणें असतात. निवाडा रक्ततपासणीनेंच होतो. म्हणून शेळी घेण्यापूर्वीं तिचें रक्त पशुवैद्याकडून तपासून घ्यावें. माजावर आलेल्या शेळीकरितां शेजारचा बोकड आणावयाचा असेल, तर त्याचेंही तपासावें. बोकडाचें अंड सुजलेलें असणें ही संशयाची खूण आहे. गाभ पडलाच, तर पडलेलें करडूं व वार उघड्या हातांनीं उचलूं नये, कुत्र्यापुढें टाकूं नये. हातमोजे घालून खोल पुरावें, वर चुना घालावा. जंतूंचा सर्वांत मोठा सांठा त्या वारेंतच असतो. घरांतील गर्भवती स्त्रीनें तर विणाऱ्या शेळीजवळ जाऊंच नये. दूध उकळी येईपर्यंत तापवावें. धारोष्ण दुधाचें कौतुक येथें पुरे करावें. कालवडी व पारड्या यांना ह्या रोगाची लस सरकारतर्फे टोंचली जाते, परंतु त्या मोहिमेंत शेळ्या येत नाहींत. तेव्हां तिच्या भरंवशावर राहूं नये.

आणि रक्ततपासणींत एखादी शेळी सदोष ठरली, तर ती मुकाट्यानें बाजारांत नेऊन विकूं नये. ती जाईल तें घरही बहुधा कोणा नवख्याचेंच असेल, आणि त्याला विचारावयाचा प्रश्न ठाऊक नसेल.