व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन जीवनचक्र

व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन जीवनचक्र म्हणजे एखाद्या संस्थेतील कामकाजाच्या प्रक्रिया ओळखणे, समजून घेणे, तपासणे, सुधारणे, अमलात आणणे आणि त्यांवर सातत्याने देखरेख ठेवणे या टप्प्यांची आवर्ती मालिका होय. व्यवसाय प्रक्रिया व्यवस्थापन (संक्षेप : बीपीएम) ही व्यवस्थापनशास्त्र आणि माहिती तंत्रज्ञान यांच्या सीमेवरील अभ्यासशाखा असून, जीवनचक्र ही तिची मध्यवर्ती संकल्पना मानली जाते. शेवटच्या टप्प्यातून मिळालेली माहिती पुन्हा पहिल्या टप्प्यांकडे वळवली जाते, म्हणून तिला ‘चक्र’ असे म्हणतात.

व्यवसाय प्रक्रिया म्हणजे ग्राहकाला उपयुक्त ठरणारे फलित निर्माण करण्यासाठी ठरावीक क्रमाने होणाऱ्या घटना, कृती आणि निर्णय यांची साखळी. मालाची मागणी नोंदवण्यापासून पैसे वसूल होईपर्यंतचे काम, कर्जाच्या अर्जाची छाननी, रुग्णालयात रुग्णाला दाखल करून घेणे ही तिची उदाहरणे होत. अशी प्रक्रिया बहुधा अनेक विभागांतून जाते. प्रत्येक विभाग आपापले काम चोख करत असूनही एकूण काम रेंगाळू शकते, कारण बराचसा वेळ विभागांमधील हस्तांतरणात आणि प्रतीक्षेत जातो. म्हणूनच या शाखेत विभागाऐवजी संपूर्ण प्रक्रिया हा अभ्यासाचा घटक मानला जातो.

पार्श्वभूमी

कामाची विभागणी आणि तिचे परिणाम यांचा विचार जुना आहे. ॲडम स्मिथ यांनी १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण दिले आहे. टाचणी बनवण्याचे काम सुमारे अठरा कृतींत विभागल्याने दहा कामगार दिवसाला ४८,००० टाचण्या तयार करू शकतात, असे त्यांनी दाखवले. फ्रेडरिक टेलर यांनी १९११ मध्ये ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’ या पुस्तकात कामाच्या शास्त्रीय मोजमापाचा पुरस्कार केला. फ्रँक गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये कामाचा क्रम चिन्हांनी दाखवणारा प्रक्रिया-तक्ता अमेरिकी यंत्र अभियंत्यांपुढे मांडला. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये तयार केलेला नियंत्रण-तक्ता आणि डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांच्या नावाशी जोडले गेलेले ‘आखा, करा, तपासा, कृती करा’ हे चक्र यांतून सातत्यपूर्ण सुधारणेची कल्पना रुजली.

१९९० च्या दशकात मायकेल हॅमर, जेम्स चॅम्पी आणि थॉमस डेव्हनपोर्ट यांच्या लेखनामुळे व्यवसाय प्रक्रियांच्या पुनर्रचनेची लाट आली. ही पुनर्रचना एकदाच घडवून आणायचा आमूलाग्र बदल या स्वरूपाची होती. जीवनचक्राची संकल्पना या दोन्ही परंपरांना एकत्र आणते. मोठ्या बदलाला तीत जागा आहे, परंतु तो बदल हा कामाचा शेवट मानला जात नाही.

जीवनचक्राचे टप्पे

टप्प्यांची संख्या व नावे लेखकपरत्वे बदलतात. मार्लोन ड्युमास, मार्चेल्लो ला रोसा, यान मेंडलिंग आणि हायो रायर्स यांच्या पाठ्यपुस्तकातील (पहिली आवृत्ती २०१३) सहा टप्प्यांची मांडणी अध्यापनात बरीच वापरली जाते. ती पुढीलप्रमाणे आहे.

१. प्रक्रिया निश्चिती : संस्थेत कोणत्या प्रक्रिया आहेत, त्यांच्या सीमा कोठे आहेत आणि त्या परस्परांशी कशा जोडलेल्या आहेत, हे ठरवून प्रक्रियांचा आराखडा तयार केला जातो. सर्व प्रक्रिया एकाच वेळी हाती घेणे शक्य नसल्याने महत्त्व, सद्यःस्थिती आणि बदलाची शक्यता या निकषांवर प्राधान्यक्रम लावला जातो.

२. प्रक्रिया शोध : निवडलेली प्रक्रिया आज प्रत्यक्षात कशी चालते, याचे प्रतिमान तयार केले जाते. त्यासाठी कागदपत्रांचा अभ्यास, निरीक्षण, मुलाखती आणि कार्यशाळा यांचा आधार घेतात. नियमपुस्तिकेतील प्रक्रिया आणि कर्मचाऱ्यांनी सोयीने पाडलेली वहिवाट यांत अंतर असते. हे अंतर टिपणे हा या टप्प्याचा गाभा आहे. प्रतिमानासाठी ‘बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन’ (बीपीएमएन) ही चिन्हपद्धती प्रचलित आहे. तीत घटना वर्तुळाने, कृती गोलाकार कोपऱ्यांच्या आयताने आणि निर्णय चौकटाच्या आकाराने दर्शवतात. तिची २.० ही आवृत्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

३. प्रक्रिया विश्लेषण : विद्यमान प्रक्रियेतील दोष शोधून त्यांचा परिणाम शक्यतो आकड्यांत मांडला जातो. गुणात्मक विश्लेषणात प्रत्येक कृतीने ग्राहकाच्या दृष्टीने काही मोल वाढते का, हे पाहतात. परिमाणात्मक विश्लेषणात कालावधी, खर्च आणि चुकांचे प्रमाण मोजतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो. या नियमानुसार प्रक्रियेत एका वेळी असणाऱ्या प्रकरणांची सरासरी संख्या ही नव्या प्रकरणांच्या आगमनाचा दर आणि प्रत्येकाचा सरासरी कालावधी यांच्या गुणाकाराइतकी असते. उदाहरणार्थ, कार्यालयात रोज ४० अर्ज येत असतील आणि एक अर्ज निकाली निघण्यास सरासरी ५ दिवस लागत असतील, तर कोणत्याही वेळी सरासरी २०० अर्ज प्रलंबित असतात. दुसरे मोजमाप कालावधी-कार्यक्षमतेचे आहे. आठ तासांच्या दहा कार्यदिवसांत पूर्ण होणाऱ्या अर्जावर प्रत्यक्ष काम दोनच तास होत असेल, तर ही कार्यक्षमता केवळ २.५ टक्के ठरते. अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांना अधिक वेगाने काम करायला लावून फारसा फरक पडत नाही. प्रतीक्षेचे कारण दूर करावे लागते.

४. प्रक्रिया पुनर्रचना : दोषांवर उपाय सुचवून अपेक्षित प्रक्रियेचे प्रतिमान तयार केले जाते. अनावश्यक कृती वगळणे, क्रम बदलणे, स्वतंत्र कृती समांतर चालवणे, हस्तांतरणे कमी करणे हे नेहमीचे उपाय होत. वेळ, खर्च, गुणवत्ता आणि लवचीकता या चार परिमाणांवर पर्याय तोलले जातात. एका परिमाणातील सुधारणा दुसऱ्यास बाधक ठरू शकते, म्हणून या चौकडीला अभ्यासक ‘सैतानी चौकोन’ म्हणतात.

५. प्रक्रिया अंमलबजावणी : या टप्प्याच्या दोन बाजू आहेत. पहिली संघटनात्मक असून तीत जबाबदाऱ्या बदलणे, प्रशिक्षण देणे आणि संबंधितांना विश्वासात घेणे यांचा समावेश होतो. दुसरी तांत्रिक असून तीत नव्या प्रक्रियेला आधार देणाऱ्या संगणकीय प्रणाली उभारल्या जातात.

६. देखरेख व नियंत्रण : प्रक्रिया सुरू झाल्यावर तिची कामगिरी ठरलेल्या निर्देशकांवर तपासली जाते. संगणकीय प्रणालींत उमटलेल्या नोंदींवरून प्रक्रियेचा खरा मार्ग शोधणाऱ्या तंत्रास प्रक्रिया खनन म्हणतात. डच संगणकशास्त्रज्ञ विल व्हान डेर आल्स्ट यांचे कार्य या क्षेत्रात पायाभूत मानले जाते. नवे दोष आढळल्यास चक्र पुन्हा सुरू होते.

उदाहरण : फोर्ड कंपनीचा देयक विभाग

हॅमर यांनी १९९० मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’ मधील लेखात वर्णिलेले फोर्ड मोटर कंपनीचे उदाहरण या विषयात वारंवार दिले जाते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात ५०० हून अधिक कर्मचारी होते. संगणकीकरण करून ही संख्या सुमारे २० टक्क्यांनी घटवण्याचा विचार चालू होता. मात्र माझदा या जपानी कंपनीत हेच काम पाच माणसे करत असल्याचे लक्षात आले. माझदा आकाराने लहान असली, तरी हा फरक केवळ आकाराने स्पष्ट होण्यासारखा नव्हता.

तपासणीअंती असे दिसले की, खरेदी आदेश, मालपोच नोंद आणि पुरवठादाराचे बीजक या तीन कागदांतील १४ बाबी कर्मचारी जुळवून पाहत, आणि त्यांचा बहुतांश वेळ न जुळणाऱ्या प्रकरणांत जाई. नव्या रचनेत खरेदी आदेश सामाईक विदागारात नोंदवला जाऊ लागला. माल आल्यावर गोदामातील कर्मचारी तो आदेशाशी ताडून पाहत. जुळल्यास स्वीकार नोंदवला जाई व धनादेश आपोआप तयार होई, न जुळल्यास माल परत पाठवला जाई. बीजकाची गरजच उरली नाही आणि जुळवायच्या बाबी तीनवर आल्या. मनुष्यबळात ७५ टक्के घट झाल्याचे हॅमर यांनी नमूद केले आहे. सदोष प्रक्रियेचे आहे तसे संगणकीकरण न करता आधी विश्लेषण करावे, हा या उदाहरणाचा बोध मानला जातो.

सार्वजनिक सेवांमधील संदर्भ

ही चौकट शासकीय सेवांनाही लागू पडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा हक्क ठरला. प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, मुदत आणि अपिलीय अधिकारी निश्चित केले जातात, तर अर्ज ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरूनही करता येतो. बीपीएमच्या परिभाषेत मुदत हा कामगिरीचा निर्देशक आणि अपील ही नियंत्रणाची यंत्रणा होय. तथापि, मुदत ठरवल्याने प्रक्रिया आपोआप सुधारत नाही. विलंब कोठे होतो, हे शोध व विश्लेषणाच्या टप्प्यांतूनच कळते.

टीका व मर्यादा

प्रक्रिया सुधारणेच्या नावाखाली झालेली नोकरकपात हा टीकेचा प्रमुख मुद्दा आहे. पुनर्रचनेचे आद्य पुरस्कर्ते असलेल्या डेव्हनपोर्ट यांनीच १९९५ मध्ये या चळवळीला माणसांचा विसर पडल्याची टीका केली. नोकरी जाण्याची भीती असल्यास कर्मचारी खरी कार्यपद्धती सांगण्यास कचरतात, आणि मग शोधाच्या टप्प्यातील प्रतिमानच सदोष ठरते. याशिवाय, टप्पे कागदावर क्रमवार दिसत असले तरी व्यवहारात ते परस्परांत मिसळतात. निर्देशक चुकीचे निवडल्यास आकडे सुधारतात, पण सेवा सुधारत नाही. संशोधन किंवा गुंतागुंतीचे वैद्यकीय उपचार यांसारख्या, प्रत्येक वेळी नव्या निर्णयाची गरज असलेल्या कामांना ठरीव क्रमाची प्रतिमाने मर्यादित प्रमाणातच लागू पडतात.