सागवानाचे गुणधर्म आणि लकडगंज : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नागपूरच्या पूर्व भागातील लकडगंज या वस्तीच्या नावातच तिचा व्यवसाय दडलेला आहे. ‘लकड’ म्हणजे लाकूड आणि ‘गंज’ म्हणजे बाजारपेठ. येथील वखारींमध्ये सागाला नेहमीच मानाचे स्थान राहिले आहे. सागाचे गुणधर्म आणि सागवनांवरील सत्ता यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सागाचे गुणधर्म व उपयोग :
साग (टेक्टोना ग्रँडिस) हा पानगळी वृक्ष असून त्याच्या वाळलेल्या लाकडाचे वजन घनमीटरला सुमारे ६५० किलो भरते. सोनेरी-तपकिरी गाभ्यातील तेलकट द्रव्ये आणि टेक्टोक्विनोन हे संयुग यांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. वाळताना ते फारसे आकसत नाही. म्हणून सागाची दारे-चौकटी पावसाळ्यातही आकार सोडत नाहीत. त्यावर रंधा सहज चालतो, परंतु लाकडातील सिलिकामुळे हत्यारांची धार लवकर जाते. बाहेरील फिकट रसकाष्ठाला गाभ्याचा टिकाऊपणा नसतो. त्यामुळे पारखी सुतार आधी गाभ्याचे प्रमाण पाहतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबईच्या वाडिया घराण्याने सागात बांधलेले आणि १८१७ साली जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे. असे टिकाऊ लाकूड राज्यकर्त्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर राजधानी झाले. १८६४ मध्ये डिट्रिच ब्रँडिस यांच्या नेतृत्वाखाली वनखाते स्थापन झाले आणि १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. रुळांखालील स्लीपरांसाठी साग व साल यांची मागणी वाढली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनांची व्यवस्था दृढ केली. परिणामी, ज्या जंगलात गोंड, माडिया आदी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, तेथील लाकडासाठी त्यांना सरकारी परवानगीची वाट पाहावी लागली. त्यांचे हक्क कायद्याने मान्य होण्यास २००६ साल उजाडावे लागले.

बदलती बाजारपेठ :
सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने वृक्षतोडीवर कठोर मर्यादा आल्या. पुढे परदेशी सागाची आवक महत्त्वाची ठरली. तथापि १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवल्याने तोही मार्ग आक्रसला. असे असूनही विदर्भाच्या सागाची प्रतिष्ठा टिकून आहे. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी नागपूरहून सागवान गेले, तर त्याच वर्षी अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान रवाना झाले.

निष्कर्ष :
सागाच्या ज्या गुणांनी घरांना व जहाजांना आयुष्य दिले, त्याच गुणांनी वनवासीयांच्या वाट्याला परकेपण आणले. राजधानीत पोहोचलेल्या सागाचा गौरव करताना, ज्या वनात तो वाढला तेथील माणसांच्या हक्कांचा विचार झाल्याशिवाय या व्यापाराचा इतिहास पूर्ण होत नाही.