गोधडीचं कूळ

गोधडीबद्दल बोलताना बहुतेक जण वरच्या ठिगळांपासून सुरुवात करतात. लाल, पिवळे, चौकड्यांचे, फुलाफुलांचे तुकडे आणि त्यांवरून फिरलेला पांढरा दोरा एवढंच तिचं चित्र डोळ्यांपुढे येतं. त्यावरून निष्कर्षही लगेच काढला जातो की घरात चिंध्या साठल्या, त्या टाकवेनात म्हणून कुणीतरी जोडल्या आणि गोधडी झाली. मला हा क्रम उलटा वाटतो. जुन्या गोधडीची एखादी शिवण उसवून आत पाहिलं तर ठिगळं बहुधा वरच्या थरातच सापडतात. त्यांच्याखाली लुगड्याचे, धोतराचे पुरुषभर लांबीचे अखंड पट्टे एकावर एक निजलेले असतात. वजन, ऊब आणि टिकाऊपणा त्यांच्यामुळे येतो. ठिगळांचा थर नंतर आला, आणि तो नसलेलीही गोधडी पुरी गोधडीच असते. म्हणून माझं म्हणणं असं की गोधडीचं मूळ चिंधीत शोधू नये. ते आपल्याकडच्या न शिवलेल्या वस्त्रात आहे. लुगडं आणि धोतर नेसणाऱ्या समाजाला ज्या आकाराचं जुनं कापड मिळत होतं, त्या आकारानेच गोधडी घडवली.

नऊवारी लुगड्याचा हिशेब मांडून पाहू. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर लांबी आणि पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे सव्वा मीटरला थोडा कमी. हे लुगडं लांबीत चौघडी केलं की दोन मीटरांहून किंचित जास्त लांब आणि एका माणसाच्या अंथरुणाएवढं रुंद असं चार पदरी अंथरूण समोर येतं. त्यासाठी कात्रीसुद्धा लागत नाही. रुंद गोधडी हवी असेल तर दोन पन्हे शेजारी शेजारी जोडायचे आणि दोन लुगडी वापरायची. थरही चारच कशाला, घरात असतील तेवढे. मात्र इथे शिवणारीची खरी अक्कल लागते, कारण लुगडं सगळीकडे सारखं विरत नाही. कासोट्याचा भाग, बसण्याचा भाग आणि निऱ्यांची घासलेली खालची कड आधी जाते. काठ आणि खोचलेला, कमी घासलेला भाग मागे धडधाकट राहतो. हे थर असे रचायचे की एकाचा विरलेला भाग दुसऱ्याच्या धड भागाखाली यावा आणि सगळ्यांत शाबूत कापड वर-खाली राहावं. मग सारवलेल्या जमिनीवर ते ताणून पसरायचं, कडेला वजनं ठेवायची, सुरकुती हाताने बाहेर काढत जायची आणि कडेपासून आत आत साधा धावदोरा घालत यायचं. शिवण कडेकडून मध्याकडे सरकत गेली की आयतात आयत बसल्यासारखी नक्षी आपोआप उमटते. तिचं काम मात्र थर एकमेकांवरून सरकू न देण्याचं. दोन ओळींमधल्या पट्ट्यांत हवा अडकते आणि ऊब तिथून येते. विरलेलं कापड एकटं असतं तर पहिल्या ताणाला फाटलं असतं. पण दर दोन बोटांवर ते शेजारच्या थराला बांधलेलं असल्याने ताण सगळ्या थरांवर वाटला जातो.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर सुतात आहे. यंत्र येण्यापूर्वी कापड महाग होतं ते कापूस दुर्मीळ होता म्हणून नव्हे, तर कातायला लागणाऱ्या वेळामुळे. साध्या जाड्याभरड्या लुगड्यात सेंटिमीटरला उभे १५ आणि आडवे १५ धागे धरले, तरी एका नऊवारीला सुमारे २८ किलोमीटर सूत लागतं. हात बसलेली कातणारी चरख्यावर तासाला तीनशे-साडेतीनशे मीटर सूत काढते असं मानलं, तर नुसत्या कताईचेच ऐंशी-नव्वद तास झाले. कापूस वेचणं, सरकी काढणं, पिंजणं, ताणा लावणं, खळ देणं आणि विणणं हे सगळं त्याच्यावर. चरखा यायच्या आधीच्या टकळीच्या काळात हा आकडा आणखी फुगतो, आणि तो काळ लहान नाही. नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला हसमुख सांकलियांच्या पथकाने १९५४ ते १९५६ या काळात जे उत्खनन केलं, त्यात ताम्रपाषाणयुगातल्या एका बालकाच्या दफनात तांब्याचे मणी सापडले. मण्यांतून ओवलेला दोरा तांब्याच्या क्षारांमुळे टिकून राहिला होता. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेकाठची माणसं दोरा वळत होती, याचा तो हातात धरता येणारा पुरावा आहे. आपल्या ओल्या-उष्ण हवेत कापड इतकी वर्षं टिकत नाही, त्यामुळे प्राचीन गोधडी जमिनीतून निघण्याची आशा करू नये. पण ज्या वस्तूत शंभर-दीडशे तासांची मेहनत साठलेली आहे, ती नेसण्याजोगी राहिली नाही एवढ्यावरून कुणी फेकून देत नाही. लुगडं मध्ये फाटलं की तो भाग काढून दोन्ही धड टोकं जोडायची, म्हणजे दंड घालायचा. दंडाचं लुगडंही विरलं की मग त्याची गोधडी. गोधडी ही कापडाच्या आयुष्यातली ठरलेली पायरी होती.

या पायऱ्यांची अतिशय जुनी नोंद पाली विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात कौशांबीच्या उदयन राजाची एक कथा येते. त्याच्या राण्यांनी आनंदाला ५०० चीवरं दिली. राजाला वाटलं, हा भिक्षू आता कापडाचं दुकान काढणार की काय, आणि त्याने आनंदाला खोदून खोदून विचारलं. एवढ्या वस्त्रांचं काय करणार? ज्या भिक्षूंची चीवरं जीर्ण झालीत त्यांना वाटणार. त्या जीर्ण चीवरांचं काय? अंथरुणावरच्या चादरी. जुन्या चादरींचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची बिछायत. बिछायतीची पायपुसणी, पायपुसण्यांची झाडण्याची फडकी, आणि ती फडकी शेवटी कुटून, चिखलात कालवून जमीन सारवायला. राजा इतका संतुष्ट झाला की त्याने आणखी ५०० वस्त्रं दिली. ही कथा ग्रंथात कधी आली यावर वाद होऊ शकतो. पण ती सांगणाऱ्याला प्रत्येक पायरी तोंडपाठ होती आणि ऐकणाऱ्यांना ती पटत होती, हे उघड आहे. आपल्याकडे लुगड्याची गोधडी, गोधडीचं बसकर आणि बसकराचं पोतेरं होत आलं, ती हीच साखळी.

इथे एक आक्षेप समोर येतो, आणि तो वजनदार आहे. बौद्ध भिक्षूंचं चीवर न शिवलेलंच वस्त्र, तरीही ते तुकड्यातुकड्यांचं असतं. महावग्गात सांगितलं आहे की मगधातली बांधाबांधांची भातशेतं पाहून बुद्धाने आनंदाला तशा आकृतीची चीवरं बेतायला सांगितलं. मग न शिवलेल्या कापडातून अखंड थर येतात या म्हणण्याचं काय? उत्तर त्याच परंपरेत आहे. चीवर कापायचं ते त्याची किंमत उतरावी, चोराला त्याचा मोह होऊ नये आणि श्रमणाला ते शोभावं म्हणून. म्हणजे अखंड कापडाला मोल आहे आणि तुकड्यांना ते नाही, हे तेव्हाही सगळे धरून चालत होते. संन्याशाने ते मोल मुद्दाम मोडलं. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातल्या विरक्ताच्या अंगावर आणि पुढे नाथपंथी जोग्यांच्या खांद्यावर जी कंथा दिसते, तिचाही भाव हाच. गृहस्थाघरची बाई मात्र नेमकं उलटं करत होती. कापावं लागलंच तर कमीत कमी, कारण प्रत्येक काप म्हणजे एक नवी शिवण आणि सुटायला एक नवी कड. कंथा आणि गोधडी या सख्ख्या नात्यातल्या वस्तू खऱ्या, पण एक कापडाचं मोल सोडण्यासाठी होती आणि दुसरी ते राखण्यासाठी.

दुसरा आक्षेप असा की थरावर थर ठेवून धावदोरा घालणं जगात सगळीकडे आहे, त्यात आपलं कूळ कसलं? तंत्र सगळीकडचं आहे, हे मान्य. सुई आणि दोरा असलेल्या कुणालाही ते सुचेल. पण प्रत्येक ठिकाणी त्याचा आकार वेगळा झाला, आणि तो तिथल्या अंगावरच्या कपड्याने ठरवला. बंगालची कांथा जुन्या साड्यांची आणि धोतरांची. तिचेही थर अखंड, म्हणून तिच्यावर कमळं, हत्ती, रथ असं सलग भरतकाम करायला मोकळं मैदान मिळालं, आणि दोरासुद्धा पुष्कळदा जुन्या साडीच्या काठातूनच ओढून काढलेला. स्टेला क्रामरिश यांनी १९३९ साली तिच्यावर लिहिलं आणि कलेच्या इतिहासात तिला जागा मिळाली. सिंधमध्ये घागरे, कुडते अशा शिवलेल्या कपड्यांची चाल, आणि तिथल्या रल्लीचा वरचा थर बारीक तुकड्यांच्या भूमितीने भरलेला. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंद मला विशेष बोलकी वाटते. या समाजातल्या अनेकांचे पूर्वज आफ्रिकेतून पोर्तुगीजांच्या गोव्यात आणले गेले होते. कवंदीला खाली साडीचा अखंड थर आणि वर शिवलेल्या कपड्यांचे तुकडे असतात, म्हणजे दोन्ही प्रकारची वस्त्रं एकाच पांघरुणात वाचता येतात. जपानच्या उत्तरेकडच्या ‘बोरो’ पांघरुणांमध्ये अरुंद पट्ट्यांची रेलचेल दिसते, आणि किमोनोच्या कापडाचा पन्हा मुळातच पस्तीस-छत्तीस सेंटिमीटर असतो. महाराष्ट्रातल्या गोधडीवर ठिगळं वाढली ती चोळीच्या खणांच्या जोडीला परकर, सदरे, झबली आली आणि शिवणयंत्र घेतलेला शिंपी गावोगावी बसला तेव्हा. शिवलेला कपडा फाटला की हाती बाही, गळा, खिसा असे वेडेवाकडे तुकडे उरतात. ते आत घातले तर गाठी होतात आणि टोचतात, म्हणून ते वर गेले. नऊवारी जाऊन सहावारी आली तेव्हा एका साडीतून चारऐवजी दोनच पुरे थर निघू लागले आणि उरलेल्या तुकड्याचं काय करायचं हा प्रश्न रोजचा झाला.

तिसरं म्हणणं सामाजिक आहे आणि ते बाजूला सारता येणार नाही. गोधडी ही गरिबीची वस्तू, तिचं कौतुक म्हणजे दुसऱ्याच्या हालांचं कौतुक, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. ज्यांच्याकडे कापूस भरलेली गादी किंवा रजई होती ते तिच्यात झोपले, आणि ज्यांच्याकडे लुगडंच एक होतं त्यांना गोधडीपुरतंही कापड मिळालं नाही. किती थर घालायचे हे गरिबीने ठरवलं. पण जुनं कापड का निवडलं, याचं सगळं उत्तर गरिबीत सापडत नाही. नवजात बाळाला नव्या कोऱ्या कापडात न गुंडाळता आजीच्या जुन्या सुती लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळायची रीत खात्यापित्या घरांतही पाळली गेली. कोऱ्या कापडात खळ असते, सुताला पीळ असतो, त्यामुळे ते कडक लागतं आणि पाणी नीट टिपत नाही. शेकडो धुण्यांनी खळ निघून जाते, तंतूंची टोकं मोकळी होतात, कापड मऊ आणि टिपणारं बनतं. हा गुण विकत मिळत नव्हता, तो वापरूनच यायचा. नव्या कापडाच्या शिवलेल्या रजयाही आपल्या देशात होत्या. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी बंगालमधून रेशमी भरतकामाच्या ‘कोल्चा’ लिस्बनला नेत. त्या देखण्या आहेत, पण त्यांचं घराणं बाजाराचं. गोधडीचं घराणं घरातल्या अंगावरच्या वस्त्राचं.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढच्या काही दशकांत कताईचे ते ऐंशी-नव्वद तास यंत्राने गिळले. कापड स्वस्त झालं, तरी गोधडी संपली नाही. स्वस्ताईमुळे जुनी सुती लुगडी जास्त घरांत साठू लागली असणार, असं मला वाटतं. खरा धक्का कापडाच्या भावाने दिला नाही, तो धाग्याने दिला. नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या घरोघर आल्या, त्या विरत नाहीत आणि धुऊन मऊही पडत नाहीत. त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, टाका कापडाला धरून बसत नाही, घाम टिपला जात नाही. अशी गोधडी वर्षानुवर्षं फाटत नाही म्हणून कुणी तिला टिकाऊ म्हणेल. पण तिचं बसकर निसटतं होतं आणि पोतेरं तर होतच नाही, कारण ती पाणी धरत नाही. आनंदाने राजाला सांगितलेल्या पायऱ्यांतली शेवटची, कुटून चिखलात कालवायची, तिला कायमची बंद आहे.

आता बचत गटांतल्या बायका गोधड्या शिवून विकतात, आणि घेणारा हमखास म्हणतो की जुन्याच तर साड्या आहेत, मग एवढी किंमत कशी? या प्रश्नात कापडाचा आणि कामाचा घोळ आहे. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद गोधडीवर दोन-दोन सेंटिमीटरवर ओळी घातल्या तर दीडशे मीटर धावदोरा होतो, आणि सेंटिमीटरला एक टाका धरला तर पंधरा हजार टाके. तेही चार-पाच थरांतून, वाकून, अंगठ्याने सुई रेटत. जुनं मऊ सूत हा त्या वस्तूचा कमीपणा नाही. तसं सूत आता शोधावं लागतं, आणि ते सापडल्यास त्याचे दोन पैसे नव्या कापडापेक्षा जास्तच धरले पाहिजेत. टाक्यांची मजुरी त्यानंतर वेगळी.